आधी पाणी, मग फेस, मग वास : ठाणे-नवी मुंबईत ब्रश-साबणाने दाढी

ठाण्यात दाढीचा साबण विकत घेण्याआधी सोसायटीच्या टाकीत पाणी कुठून येतं ते विचारून घ्या. नौपाड्यात पालिकेच्या नळावर ज्या साबणाचा मिनिटभरात दाट फेस होतो, तोच साबण घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये टँकर किंवा बोअरवेलच्या पाण्यावर नुसता पांढरट चिकटा सोडतो. मग माणूस साबणाला नावं ठेवतो, ब्रश बदलतो, परदेशी वडी मागवतो. बिचाऱ्या साबणाचा काही दोष नसतो.

फेस बिघडला की वासही बिघडतो, हे मात्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं. वडीतला सुगंध साबणाच्या घट्ट गोळ्यात दबलेला असतो. पाणी, ऊब आणि हवा मिळून फेस फुलतो तेव्हा साबणाचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि सुगंधी द्रव्यं उडून नाकापर्यंत येतात. विरळ फेस म्हणजे अर्धा वास. म्हणून इथे क्रम असा ठेवला आहे: पाणी, साबण, ब्रश, फेस, आणि सगळ्यात शेवटी वास. दुकानात आपण नेमके याच्या उलटे वागतो, आधी झाकण उघडून हुंगतो.

पाण्याची परीक्षा

ठाणे महापालिकेचं बरंचसं पाणी भातसा नदीवरच्या पिसे बंधाऱ्याकडून येतं, तर नवी मुंबईचं खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणातून. दोन्ही पाणी पावसाचं, धरणात साठलेलं, त्यामुळे साबणाला सहसा मानवतं. जमिनीतून उपसलेल्या पाण्याचं तसं नाही. खडकात मुरताना त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. खाडीच्या बाजूला असाल तर मिठाचा अंशही येतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणातल्या स्निग्धाम्लांना धरून न विरघळणारा चोथा बनवतात. बेसिनला जो राखाडी थर धरतो तो हाच. जितका साबण चोथ्यात गेला तितका फेसातून वजा झाला. शाळेत ज्याला दुष्फेन पाणी म्हणून शिकलो आणि घरात ‘पाणी जड आहे’ म्हणतो, ते हे.

साधारणपणे लिटरमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा असलेलं पाणी मऊ आणि १८० च्या वरचं फार जड धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात मात्र २०० पर्यंत कठीणपणा निर्धास्त चालतो, आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत. म्हणजे पिण्याला उत्तम ठरलेलं पाणीही फेसाला त्रास देऊ शकतं. टीडीएस मीटर घरात असेल तर त्याचा आकडा फक्त अंदाजापुरता घ्या. तो पाण्यातले सगळेच विरघळलेले क्षार मोजतो, फेस बिघडवणारे वेगळे काढून दाखवत नाही.

यापेक्षा बाटलीची परीक्षा बरी. दोन सारख्या पारदर्शक बाटल्या अर्ध्या भरा, एक नळाच्या पाण्याने आणि दुसरी आरओच्या. दोन्हींत दाढीच्या साबणाचा नखाएवढा किस टाका, झाकण लावून पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा आणि ओट्यावर ठेवून द्या. मऊ पाण्यात फेसाचा जाड थर टिकतो आणि खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं. जड पाण्यात फेस लगेच बसतो, पाणी दुधट होतं, वर कण तरंगतात. ही परीक्षा बॉडीवॉश किंवा भांडी घासायच्या द्रवाने करू नका. ती डिटर्जंट असतात आणि जड पाण्यातही फेसाळतात.

पाणी जड निघालं तर घाबरण्यासारखं काही नाही. अख्ख्या दाढीचा फेस करायला अर्धा कप पाणीही लागत नाही. तेवढं आरओचं घ्या, गरम करा आणि त्यातच ब्रश भिजवा. तोंड धुवायला नळाचं पाणी खुशाल वापरा. आरओ नसेल तर पाणी दहा मिनिटं उकळून, गाळ खाली बसू देऊन वरचं घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा त्याने बराच उतरतो, गीझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर त्याचाच. सगळे क्षार मात्र उकळून जात नाहीत. पावसाळ्यात पहिल्या काही सरी जाऊ देऊन गच्चीत स्वच्छ पातेल्यात धरलेलं पावसाचं पाणी तर सगळ्यात मऊ. एकदा त्यात फेस करून बघाच, जून ते सप्टेंबर फुकट मिळतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मऊच असतं, पण आतल्या बुरशी-धुळीसकट येतं. ते चेहऱ्याला लावायचं नाही.

टँकर कधीमधीच येत असेल तर त्या दिवसांपुरता साबण थोडा जास्त घ्या, बाकी काही बदलायला नको.

साबणाच्या पाकिटावर काय वाचायचं

दाढीचा साबण आणि अंघोळीचा साबण यांत वासापेक्षा मोठा फरक हाडामांसाचा आहे. अंघोळीची वडी प्रामुख्याने कॉस्टिक सोड्यावर, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडवर बनते. कडक होते, भराभर फेसाळते आणि तो फेस तितक्याच लवकर विरतो. अंगावरून धुऊन टाकायचा असतो, टिकून करायचंय काय? दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचं प्रमाण भरपूर असतं आणि सोडियमच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलेलं असतं. पोटॅशियमचा साबण मऊ, पाण्यात पटकन मिसळणारा. स्टिअरिकमुळे बुडबुडे बारीक होतात आणि फेस पाच-सात मिनिटं जागचा हलत नाही. खोबरेल असेल तर फेस लवकर उठतो, मात्र जास्त झालं की कातडी ओढल्यासारखी होते. ग्लिसरीन फेसातला ओलावा धरून ठेवतं.

म्हणून पाकिटावर पहिल्या तीन-चार नावांत स्टिअरिक ॲसिड किंवा पोटॅशियम स्टिअरेट, आणि आसपास ग्लिसरीन दिसलं की साबण कामाचा समजा. टॅलोएट असं दिसलं तर त्यात जनावराची चरबी आहे. फेसासाठी चरबी उत्तमच, तुर्कस्तानची प्रसिद्ध आर्को कांडी तशीच आहे. पण घरात चालत नसेल तर हिरवा ठिपका बघून घ्या, निव्वळ वनस्पती तेलांवरचे साबणही आता तितकेच चांगले निघतात.

दिवाळीतला मोती साबण दाढीला लावून बघायचा मोह मराठी घरात प्रत्येकाला एकदा तरी होतो. वास अप्रतिम, फेस दुसऱ्या गालापर्यंत पोचायच्या आत गायब. तो उटण्याबरोबरच राहू द्या.

नवख्याने ट्यूबमधल्या क्रीमपासून सुरुवात करावी असं माझं मत. गोखले रोडवर किंवा वाशीच्या सेक्टर १७ मध्ये कुठल्याही केमिस्टकडे मिळतं, स्वस्त असतं आणि पाणी आधीच मिसळलेलं असल्याने चुका पोटात घालतं. हात बसला की वडी घ्या. एका दाढीला साबण एक ग्रॅमच्या आसपास लागतो, त्यामुळे शंभर ग्रॅमची वडी रोज वापरूनही काही महिने हलत नाही. डब्यातून फुस्सकन येणारा तयार फोम या लेखाच्या बाहेर ठेवतो. त्यात आपण करण्यासारखं काही नसतं.

ब्रश

सिंथेटिक घ्या. भिजवावा लागत नाही, लवकर सुकतो, कुठल्याही प्राण्याचा केस नाही. डुकराच्या केसांचा ब्रश फेस सुंदर करतो, पण आधी पाच-दहा मिनिटं भिजत ठेवावा लागतो आणि पहिले काही आठवडे त्याला स्वतःचा वास असतो. बॅजर या प्राण्याच्या केसांचा महाग, आणि आपल्या दमट हवेत त्याची निगा जास्त. आठच्या आतली लोकल पकडायची असेल तर एवढं पुरे.

फेस करणं

आधी चेहरा धुऊन दोन-तीन मिनिटं ओला ठेवा. दाढीचा केस पाणी पिऊन मऊ होतो आणि पातं कमी अडतं. अंघोळ करून लगेच दाढी केली तर हे आपोआप होतं. पाणी कोमट पुरे. कढत पाणी त्वचेचं नैसर्गिक तेल धुऊन टाकतं, आणि मे महिन्यात तर नळाचं पाणीच कोमट असतं.

आता ब्रश पाण्यात बुडवा, बाहेर काढून एक-दोनदा झटका. टोकं ओली हवीत, पण पाणी गळता कामा नये. साबणाच्या डब्यावर हलक्या दाबाने गोल फिरवायला लागा. सुरुवातीला मोठे, हवेने भरलेले बुडबुडे येतील. त्यांना फेस समजून थांबू नका, बहुतेकांची गाडी इथेच अडते. वीस-तीस सेकंद फिरवत राहिलात की बुडबुडे संपून ब्रशच्या टोकाला घट्ट, चकाकी नसलेला लेप जमतो. तो दिसला की साबण पुरेसा घेतला. जड पाणी असेल तर आणखी दहा सेकंद. क्रीम असेल तर एक-दीड सेंटिमीटर ब्रशच्या मधोमध घ्यायचं, फिरवाफिरवीची गरज नाही.

पुढचा फेस वाटीत करायचा की थेट गालावर, हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न. गालावर केला तर ब्रशने केस उभे राहतात, भांडं धुवायला लागत नाही आणि वास थेट नाकाखाली फुलतो. त्वचा नाजूक असेल, पुरळ असेल तर वाटी बरी. वाटी आतून खडबडीत असेल तर फेस लवकर उठतो.

पाणी घालणं ही सगळी कला. ब्रशची नुसती टोकं पाण्याला लावायची, म्हणजे जेमतेम काही थेंब येतात. मग पंधरा-वीस सेकंद गोल फिरवायचं. पुन्हा टोकं बुडवायची, पुन्हा फिरवायचं. असं चार-पाच वेळा. प्रत्येक वेळी फेस थोडा सैल, थोडा चमकदार होत जातो. गाळून फेटलेल्या श्रीखंडाला जी चकाकी आणि जी धार असते ती आली की थांबा. ब्रश उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं पाहिजे.

डोळ्यांवर विश्वास नसेल तर बोटांनी तपासा. थोडा फेस अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळा. बोटं एकमेकांवरून निसटली पाहिजेत. चिकटत असतील तर पाणी कमी आहे, दोन थेंब द्या. फेस दाबताक्षणी फुटून पाणी उरत असेल तर पाणी जास्त झालं आहे, ब्रश पुन्हा साबणावर चार फेरे फिरवून आणा. कोरडा फेस दिसायला भरगच्च असतो, म्हणून फसवतो. त्याने पातं ओरखडतं. पातळ फेस निदान निसटता तरी असतो. दोन्हींतून निवडायचंच झालं तर किंचित ओला निवडा.

ऑक्टोबरमध्ये घामाच्या धारा लागल्या तरी पंख्याखाली उभं राहून दाढी करू नका. अर्धी होईपर्यंत उरलेला फेस सुकून त्याची पापुद्रं निघतात.

पातं साधारण तीस अंशांवर धरायचं, रेझरच्या वजनापेक्षा जास्त दाब द्यायचा नाही. पहिली फेरी केसांच्या दिशेने. मग पुन्हा ब्रश फिरवून दुसरी फेरी आडवी. उलट्या दिशेची तिसरी फेरी गालांना सहसा चालते, मानेला बऱ्याच जणांना चालत नाही, तिथे आत वळलेले केस आणि पुळ्या येतात. फेस उतरलेल्या जागेवर पातं परत फिरवायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी आग कमी होते. ब्रशमध्ये उरलेला फेस दुसऱ्या फेरीसाठीच असतो, मध्येच पिळून टाकू नका. गंमत म्हणजे दुसऱ्या फेरीचा फेस पहिल्यापेक्षा चांगला निघतो, तोवर पाणी नीट मुरलेलं असतं.

आता वास

दुकानात वडी हुंगून कळतो तो वास आणि फेसातला वास वेगळा. कोरड्या वडीवर लिंबू-संत्र्यासारखी झटकन उडणारी द्रव्यं आधी भेटतात. फेसात ऊब आणि पाणी मिळालं की मधले फुलांचे, मसाल्याचे वास वर येतात. लाकूड, कस्तुरीसारखे जड वास चेहरा पुसल्यावरही रेंगाळतात. शिवाय साबण अल्कधर्मी असतो आणि त्यात बरीच सुगंधी द्रव्यं टिकत नाहीत, बदलतात. व्हॅनिलीन घातलेला साबण तपकिरी पडतो तो यामुळेच. त्यामुळे एकाच नावाचं अत्तर आणि साबण सारखे वासाला येतील ही अपेक्षा सोडून द्या. शक्य असेल तर छोटा नमुना घेऊन आठवडाभर वापरा, मग ठरवा.

चंदनापासून सुरुवात करू, कारण आपली सगळ्यात मोठी फसगत तिथे होते. सहाणेवर उगाळलेल्या चंदनाचा दुधाळ, शांत वास लहानपणापासून नाकात बसलेला असतो. तो आपल्याकडच्या चंदनाच्या सॅन्टॅलॉल या घटकांमुळे. इंग्लंडच्या जुन्या दुकानांच्या ‘सँडलवुड’ साबणात मात्र बहुधा लॅव्हेंडर, जिरेनियम आणि मसाले पुढे असतात, चंदन कुठेतरी तळाशी. अस्सल तेल इतकं महाग की बहुतेक ठिकाणी कृत्रिम द्रव्यांवर भागवतात. वाईट अजिबात नाही, पण देवघराची आशा ठेवून हजार रुपये मोजू नका. लंडनचं ट्रूफिट अँड हिल १८०५ पासूनचं, टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट १८५४ पासूनचं. त्यांचं ‘चंदन’ त्यांच्या परंपरेतलं आहे.

ज्याला जगभर ‘सलूनचा वास’ म्हणतात तो फ्रेंच घराण्यातला. उबिगाँ या पॅरिसच्या अत्तरकारांनी १८८२ साली लॅव्हेंडर, ओकमॉस (ओकच्या झाडावर वाढणारं दगडफूल) आणि कुमारिन एकत्र करून फुजेर रॉयाल हे अत्तर काढलं आणि दाढीच्या साबणाला कायमचं वळण मिळालं. कुमारिन म्हणजे कापून वाळवलेल्या गवताचा गोडसर वास, दालचिनीच्या जाडसर सालीतही ते असतं. स्वच्छ, थोडा हिरवट, कुणालाही न खुपणारा. पहिली महागाची वडी घेणार असाल तर याच कुळातली घ्या.

कोलोनचं कूळ त्याहून जुनं. १७०९ पासून चालत आलेल्या फरिना घराण्याने कोलोन शहरातून हा बर्गमॉट (लिंबाच्या कुळातलं एक सुगंधी फळ), लिंबू आणि नारिंगीच्या फुलांचा वास नावारूपाला आणला. उकाड्यातल्या सकाळी याच्यासारखं सुख नाही. तक्रार एकच, टिकत नाही. डबा उघडा राहिला तर वडीतूनही उडून जातो.

इटलीचे साबण दोन टोकांचे. मिलानच्या चेला साबणाला कडू बदामाचा वास आहे, तो बेंझाल्डिहाइडचा. कुणाला तो मिठाईच्या दुकानाची आठवण करून देतो, कुणाला खोकल्याच्या औषधाची. फ्लॉरेन्सच्या प्रोरासोच्या हिरव्या साबणात निलगिरी आणि मेंथॉल. मेंथॉलने त्वचा प्रत्यक्षात थंड होत नाही. थंडीची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं आणि आपल्याला गार वाटतं. एप्रिल-मेमध्ये घामेजलेल्या अंगाला हे झकास. सर्दी झालेली असताना तर दाढी आणि वाफारा एकदमच. डिसेंबरात पहाटे येऊरच्या पायथ्याशी गारवा उतरलेला असताना मात्र डोळ्यांतून पाणी काढतं.

आणि ओल्ड स्पाइस. १९३८ साली अमेरिकेत शुल्टन कंपनीने पुरुषांसाठी आणलेला हा दालचिनी-लवंग-व्हॅनिलाचा वास आपल्याकडे एका अख्ख्या पिढीच्या वडिलांचा वास झाला. त्याचं क्रीम आजही सहज मिळतं. फेस मध्यम, वास पहिल्या दर्जाचा.

मोगरा, वाळा, केवडा हे आपले वास दाढीच्या साबणात क्वचित सापडतात. वाळा खरं तर इथे शोभला असता. मातकट, गार, टिकाऊ आणि पुरुषांना न लाजवणारा. तोवर उपाय असा: बिनवासाचा साबण वापरा आणि अत्तराचा थेंब सदऱ्याच्या कॉलरला लावा. फेसात मात्र अत्तर टाकू नका. तेलाने फेस बसतो आणि ताज्या कापलेल्या त्वचेला आग होते.

त्वचेचा प्रश्न गंभीरपणे घ्या. लिमोनीन, लिनालूल, जिरॅनिऑल, सिट्रल, कुमारिन ही नावं पाकिटावर असतात ती काहींना ॲलर्जी होते म्हणून. पहिली दोन हवा लागून जुनी झाली की जास्त चावतात, त्यामुळे वर्षानुवर्षं कपाटात पडलेला साबण बेतानेच. नवा साबण आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, एक-दोन दिवस बघा. पुरळ उठणाऱ्यांनी बिनवासाचाच घ्यावा, फेस तितकाच चांगला होतो.

ऐरोली-महापेच्या ऑफिसला निघताना एक हिशेब ध्यानात ठेवा. साबणाचा वास धुतल्यावर लवकरच विरतो, तो आपल्या एकट्याच्या आनंदासाठी. आफ्टरशेव्ह दुसऱ्यांच्या नाकासाठी असतं, आणि ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत ते नाक आपल्या खांद्याला टेकलेलं असतं. मेंथॉलच्या साबणावर कस्तुरीचं आफ्टरशेव्ह असली जोडी टाळा. साबण दणदणीत असेल तर आफ्टरशेव्ह बिनवासाचं.

तुरटी आणि आवराआवर

तुरटीचा खडा जांभळी नाक्याला कुठल्याही किराणा किंवा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो, एका बाजूने घासून गुळगुळीत करून घ्या. दाढी झाल्यावर गार पाण्याने तोंड धुऊन ओल्या चेहऱ्यावर हलकेच फिरवायचा, अर्धा-एक मिनिट थांबून धुवायचा. जिथे झोंबेल तिथे दाब जास्त पडला होता, पुढच्या वेळी ती जागा जपा. तुरटी नेहमी सगळ्यात शेवटी, कारण तिच्यातलं ॲल्युमिनियमही साबणाचा चोथा करतं. तुरटी लागलेल्या हाताने परत फेस करायला गेलात तर तो उठणार नाही. खडा प्रत्येकाचा स्वतंत्र.

ब्रश कोमट पाण्याखाली मुळापर्यंत स्वच्छ करा. मुळाशी साबण अडकला तर केस तुटतात. मग झटकून टॉवेलवर पुसा आणि बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी ठेवा. जुलैमध्ये ठाण्यातली बाथरूम दिवसभर ओलीच असते, तिथे ठेवलेल्या ब्रशला आठवड्यात कुबट वास येतो आणि तो कितीही महागाच्या साबणाला हरवतो. साबणाचा डबाही तासभर उघडा ठेवून, वडी वरून कोरडी झाल्यावरच झाकण लावा. ओला असताना बंद केला तर बुरशी, उघडाच राहिला तर वास उडतो.

वडी संपत आली आणि पापुद्रा उरला की किसून पुढच्या डब्यात दाबून बसवा, दोन थेंब पाणी लावून रात्रभर ठेवलं की एकजीव होतो. फक्त मेंथॉलचा तुकडा चंदनावर चढवू नका, चंदन तळाला लागेपर्यंत दिसणार नाही.